डिझेल जातं कुठं?

लग्न होऊन मी अकोल्याहून अंजनगाव सुर्जीला आले तेव्हा सासरच्या अंगणात दोन बैलजोड्या, दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि एक ट्रक उभा होता. बैलांचं काय करायचं ते घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रकचं काय करायचं ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि तसं कबूल करायची कोणाची तयारीही नव्हती.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सारी उमर लोकांचा कापूस अकोटवरून अकोल्याला नेण्यात गेली होती. पुढे अकोल्याच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनवाल्यांना बैलांच्या चालीनं येणाऱ्या कापसाची वाट पाहणं नकोसं झालं, तेव्हा मामाजींनी चार जोड्या विकल्या आणि हा जुना, लांब नाकाचा डिझेल ट्रक घेतला. पण मनातून ते बंडीवालेच राहिले. ट्रक दारात आला की पहिला प्रश्न, "पानी पाजलं का त्याले?" उन्हात उभा दिसला की लगेच चिडायचे. "दमून आला तो, सावलीत घे ना बाप्पा!" टाकीत डिझेल किती आहे ते पाहायला त्यांनी बांबूची एक काठी तासून तिच्यावर विळ्यानं खुणा पाडल्या होत्या. ती काठी देवघराच्या दाराआड उभी असायची आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

माझे हे मॅट्रिक झालेले आणि मीही मॅट्रिक. ट्रकबद्दलचं अज्ञान दोघांचं सारखंच होतं, फक्त ह्यांचं जरा ठसक्यात असे.

ट्रक खरा कळत होता तो एकाच माणसाला, तो म्हणजे डायवर. मी त्याला डायवरभाऊ म्हणायची. नदीपलीकडच्या वस्तीतला, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. लष्कराच्या गाड्यांवर काम शिकून आला होता. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यानं नि त्याच्या बायकोनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि घरातले देव नदीत सोडले होते. ट्रकमध्ये समोर मामाजींनी देवाची तसबीर लावलेली होती. तो रोज सकाळी तिची काच स्वच्छ पुसायचा, पण हात जोडायचा नाही. मामाजी हे पाहायचे नि काही बोलायचे नाहीत. पण पाहायचे जरूर.

त्याचा चहाचा कप वेगळा होता. बाहेरच्या ओट्यावर एक कोनाडा होता, त्यात तो कप पालथा ठेवलेला असे. तो कप पुढे करायचा, मी वरून चहा ओतायची. पिऊन झाला की तो स्वतःच रांजणाजवळ जाऊन कप विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. घराची रीत होती. मी नवी होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती, हे खरं आहे आणि तेच सांगते.

त्या काळात भरलेल्या टाकीत अकोल्याच्या तीन खेपा व्हायच्या. जाणं, येणं, अशा पूर्ण तीन. घरात ट्रकबद्दल इतकंच गणित सगळ्यांना येत होतं, म्हणून तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या पहिल्या हंगामाची गोष्ट. एका रविवारी डायवरभाऊ ट्रकचं झाकण वर करून बसला होता आणि मी ओट्यावर तूर निवडत होते. त्यानं इंजिनाजवळचा एक काळा डबा उघडला. छोट्या हंड्याएवढा, वर टोपी आणि टोपीखाली गोल फटी. त्यातून त्यानं बोटांनी एक ओलसर काळा गोळा बाहेर काढला आणि मला दाखवला.

"हे पाहा वयनी. कापूस."

"कापूस? तिथं कसा गेला?"

"या डब्यातून गाडी हवा घेते. जिनात उभी राहिली का हवेसंगं कापूसबी ओढते. धूळ, कापूस, सारं इथल्या तेलात अडकते. मी दर आईतवारी काढून टाकतो." मग तो हसला. तो क्वचितच हसायचा. "आपली गाडी कापूस खाते, वयनी."

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. अकोल्याला आमच्या घरामागेच जीन होतं. तिथं काम करणाऱ्या बाया नाकाला पदर बांधून बसायच्या, तरी संध्याकाळी खोकत घरी जायच्या. मला ट्रकची दया आली. कोणी हसेल तर हसो, पण आली. ज्या घरात रोज 'दमला असंन तो' ऐकू येतं, त्या घरात सुनेला ट्रकची दया न आली तरच नवल.

पुढे पोळा आला. आमच्या घरी पोळ्याला बैलांचा सगळा साज नवा व्हायचा. वेसणी, कासरे, गोंडे, झुली. आदल्या दिवशी हळद-तूप लावून त्यांचे खांदे शेकायचे. मामाजी म्हणाले, यंदा ट्रकलेबी साज पायजे, तोबी घरचं जित्राबच हाये. मग मी ट्रकच्या नाकासाठी लाल झूल शिवली, आरशांना घुंगरं बांधली. आणि शिवता शिवता माझ्या मनात आलं की गाडी कापूस खाते, तर तिला मुसकं का नाही?

मुसकं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी. वखर-डवऱ्याला जुंपलेला बैल पिकात तोंड घालू नये, मळणीत धान्य खाऊ नये, म्हणून बांधतात. बैल उपाशी मरत नाही, नुसती खादाडी थांबते. मला हा विचार फार हुशारीचा वाटला. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा लाल काठासकटचा तुकडा घेतला, दुहेरी करून गोल शिवला, नाडी ओवली. पोळ्याच्या सकाळी ट्रक धुऊन झाला होता, झाकण उघडंच होतं, डायवरभाऊ घरी गेला होता. पोळ्याच्या पूजेला तो थांबत नसे. मी चढून त्या काळ्या डब्याच्या टोपीवर, खालच्या फटीही झाकतील असं ते मुसकं घातलं, नाडी घट्ट ओढून गाठ मारली. बैलांना लावत होते तसंच हळदीकुंकू त्यालाही लावलं. मग ओवाळणी, पुरणपोळी, पाहुणे, गडबड. कोणाला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं काही केलं आहे असं वाटलंच नाही.

दिवाळीच्या आसपास एक दिवस डायवरभाऊनं चहाचा कप पुढे करता करता विचारलं, "वयनी, गाडीले बांधलेलं ते पुजेचं फडकं किती दिवस ठेवा लागते?"

मी चहा ओतत होते, चुलीवर भाकरी होती, आतून सासूबाई हाक मारत होत्या. सणाची बांधलेली वस्तू मध्येच सोडत नाहीत, एवढंच मला माहेराहून माहीत. मी म्हणाले, "राहू द्या भाऊ. पुढल्या पोयापर्यंत राहू द्या."

"बरं," तो म्हणाला. कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला.

हंगाम भरात आला. अंगणात कापसाचे ढीग, दारात बंड्यांची रांग, ट्रकला दिवसभर उसंत नाही. आणि एका सकाळी मामाजी टाकीत काठी घालून उभे होते. काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"दोनच खेपा झाल्या," ते म्हणाले. "काठी कोरडी कशी?"

त्या दिवसापासून आमच्या घराचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डिझेल जाऊन कुठी राहिलं? जेवताना तेच, झोपताना तेच. शेजारच्या बाया धुणं धुताना मला विचारू लागल्या, काहो, तुमच्या ट्रकचं डिझेल सापडलं का, जणू ते उठून शेजारच्या वाड्यात गेलं होतं.

प्रत्येकाजवळ एक कारण होतं. हे म्हणाले, काठी गॅलनच्या हिशेबानं खुणावलेली आहे, पंपावर आता लिटर झाले, गडबड तिथंच आहे. त्यांनी दोन दिवस कागदावर गॅलनचे लिटर केले नि लिटरचे गॅलन केले, आणि शेवटी असं उत्तर आलं की टाकीत डिझेल उलट वाढायला हवं. मामाजींनी तो कागद चुलीत घातला. कोणी म्हणालं चाकांत हवा कमी आहे, गाडी जड चालते. हवा भरली. कोणी म्हणालं ब्रेक चिकटून राहतात. ते सैल केले, आणि मग गाडी अकोटच्या चौकात थांबता थांबेना, म्हणून पुन्हा आवळले. टाकीखाली रात्रभर परात ठेवली. सकाळी परातीत एक थेंब नव्हता, मांजर मात्र झोपलेलं होतं.

गाडी धूर सोडते हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. काळा, दाट. पण भरल्या गाडीचा धूर काळाच असायचा, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. ओझं जास्त म्हणून तेल जास्त, असंही सांगून पाहिलं. मग रिकामी येतानाही धूर काळाच का, ह्याला उत्तर नव्हतं म्हणून तो प्रश्न आम्ही विचारणंच बंद केलं.

डायवरभाऊनं गाडी अकोल्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं ज्या बारीक तोंडांतून डिझेल इंजिनात उडतं ती नोजलं काढून साफ केली, पंप पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाला. चार दिवस आम्ही आशेवर राहिलो. पुन्हा दोनच खेपा, तिसऱ्या खेपेला अकोटजवळ गाडी बंद. मला त्या दिवसांत खरोखर काही कळेनासं झालं होतं. कधी वाटे ह्या यंत्रालाच काही आजार आहे, कधी वाटे मामाजींची काठीच खोटी आहे. कधी कधी, सगळे म्हणत होते तेही वाटे.

सगळे म्हणत होते ते असं की डायवर विकतो.

आधी हे कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. मामाजींनी नुसतं टाकीच्या टोपणाला कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. डिझेल तरीही गेलं. मग लोक म्हणाले, त्याच्याजवळ दुसरी किल्ली असंन. मग हे आठ दिवस गाडीवर गेले. त्याच्याशेजारी बसले, गाडी सोडून हलले नाहीत. डिझेल तरीही गेलं. आता तरी शंका मिटेल असं मला वाटलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काय डोये मिटलेच नाई का आठ दिवसांत? पाणी प्यायले तं उतरलो असंन ना." एकदा माणूस चोर ठरवला की कुलूपही त्याच्याविरुद्ध साक्ष देतं, हे मी त्या हिवाळ्यात पाहिलं. आणि पाहूनही गप्प राहिले.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी मामाजींनी त्याला ओट्यासमोर उभं केलं. मी दाराच्या आड होते.

"मी तुले चोर म्हनत नाई," मामाजी म्हणाले. "पन गाडी तुया हातात. तेल कुठी जाते ते तू सांग."

"मलेच समजून नाई राहिलं, मालक."

"तुले नाई समजत तं कोनाले समजन?"

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं तो मला काही विचारणार आहे. मी पदर ओढला आणि आत सरकले. आत काही काम नव्हतं.

त्यानं ट्रकची किल्ली ओट्यावर ठेवली. अर्धा चहा राहिला होता तो प्यायला, कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि गेला.

नवा डायवर ह्यांच्या नात्यातलाच होता, दर्यापूरकडचा. तो घरात पाटावर बसून आमच्याच कपानं चहा प्यायचा. गाडीची भक्ती मात्र दांडगी. सकाळी तसबिरीला उदबत्ती, चाकांना उदबत्ती, झाकण उघडून इंजिनालाही उदबत्ती. आणि तीन दिवसांनी मामाजींनी काठी बाहेर काढली तेव्हा ती दोन खेपांतच कोरडी होती.

मामाजी काठी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. चोर गेला होता आणि चोरी चालूच होती. "हा तं आपल्या घरचा हाये," ते पुटपुटले. घरचा आहे म्हणून नव्या डायवरावर कोणी बोट ठेवलं नाही. त्याला कुलूप नाही, त्याच्यावर पहारा नाही. आता नक्की ट्रकचाच आजार, असं सगळ्यांनी एका दिवसात ठरवलं. तोच ट्रक, तोच आजार, पण महिन्याभरापूर्वी तो आजार कोणाला दिसला नव्हता. मला ते खटकलं. कोणाला बोलून दाखवण्याइतकं नाही, पण खटकलं.

फाल्गुनात नणंदेचं लग्न झालं आणि तिचा संसार अमरावतीला राजापेठेत पोचवायचा ठरला. पलंग, कपाट, भांडी, गाद्या ट्रकमध्ये घातल्या. सामान लावून द्यायला मी, सोबत हे, चालवायला नवा डायवर. एवढं हलकं ओझं, तरी गाडी कण्हत होती. मागे काळा धूर. राजापेठेच्या तोंडाशी जरासा चढ लागला आणि ट्रक तिथंच दम सोडून उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

जवळच एका मिस्त्रीचं टिनाचं छप्पर होतं. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्यांनी त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. गॅलन, लिटर, नोजल, कुलूप.

"थांबा ना बावा," तो म्हणाला. "तेल मंग पाहू. पयले तिचा श्वास पाहू द्या."

त्यानं झाकण उघडलं आणि तो हसायला लागला. मग हसू थांबलं. "हे कोनं बांधलं?"

मी कॅबिनमधून वाकून पाहिलं. काळ्या डब्याच्या टोपीवर काळाच एक जाड गोळा होता. कापूस, धूळ, तेल यांनी कापडाचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता, बोटभर जाडीचा. एका बाजूला लाल काठ तेवढा ओळखू येत होता. माझ्या लुगड्याचा काठ.

मिस्त्रीनं कात्रीनं नाडी कापली आणि डबा उघडून आत साफ केलं. गाडी सुरू केली. आवाजच बदलला. नाक चोंदलेल्या माणसाला एकदम मोकळं वाटावं तसा. धूर पातळ होत होत दिसेनासा झाला.

"हवा नाई भेटली तं डिझेल पुरं जळत नाई," तो ह्यांना सांगत होता. "अर्ध जळते, अर्ध धूर होऊन जाते. तुमी डिझेल धुंडत होते ना? ते पाहा." त्यानं ट्रकमागच्या भिंतीकडे बोट केलं. ट्रक पाच मिनिटं धूर सोडत उभा होता तेवढ्यात तिच्यावर काजळी धरली होती.

म्हणजे आमचं डिझेल अकोटच्या रस्त्यावर आभाळात गेलं होतं. हंगामभर, सगळ्या गावादेखत.

नवा डायवर म्हणाला, "मी तं त्याले पूजा समजून रोज उदबत्ती ओवाळली."

आणि हे म्हणाले, "त्या जुन्या डायवरानंच बांधलं असंन. आपल्याले संशय आला हे त्याले समजलं होतं. जाता जाता दाव साधला."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझे ओठही हलले असतील. पण परक्या गावात, चार पुरुषांसमोर, माझ्या लुगड्याचा तुकडा त्या म्हाताऱ्याच्या हातात लोंबत असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ह्यांनी तो गोळा पुरावा म्हणून कागदात गुंडाळला आणि माझ्या पायांपाशी ठेवला. गावात चौकात सगळ्यांना दाखवतो म्हणाले. परतीच्या वाटेवर ट्रक पाखरासारखा पळत होता, हे गाणं गुणगुणत होते आणि मी पाय आखडून बसले होते. दिवाळीतला तो प्रश्न मला तेव्हा आठवला. किती दिवस ठेवा लागते, वयनी.

घरी आल्या आल्या ह्यांनी कागद मामाजींसमोर उघडला. "हे पाहा तुमच्या डायवराचे परताप."

मामाजींनी तो नमदा हातात घेऊन उलटापालटा केला. नाडीची गाठ पाहिली. आतल्या घडीत अजून थोडं कुंकू शिल्लक होतं, ते पाहिलं.

"ते मी बांधलं," मी म्हणाले. पदर घ्यायचंही भान राहिलं नाही. "पोयाच्या दिवशी."

"काहून?"

"गाडी कापूस खाते म्हणून. बैलाले बांधतो ना आपन."

हे हसतील किंवा ओरडतील असं मला वाटलं. दोन्ही झालं नाही. मामाजींना समजायला एक क्षणही लागला नाही. त्या घरात ते समजणारे तेच होते.

"मुसकं," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "त्याले मालूम होतं?"

"त्यानं मले ईचारलं होतं, किती दिवस ठेवा लागते. मी म्हनलं, राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी पागोटं बांधलं आणि मला म्हणाले, चाल. नदी ओलांडून आम्ही वस्तीत गेलो. त्या वस्तीत मामाजी जन्मात पहिल्यांदा जात होते, मीही. डायवरभाऊ घरीच होता. आमच्याकडून गेल्यापासून त्याला कोणी गाडी दिली नव्हती. तेल विकणारा म्हणून नाव अकोटपर्यंत पोचलं होतं. बाजारात पोती उचलायचं काम मिळेल त्या दिवशी तो जात असे.

त्याच्या बायकोनं अंगणात बाज टाकली. आम्ही बसलो. मामाजींनी आडवळण घेतलं नाही. "तेल सापडलं. सुनेनं डब्याले मुसकं बांधलं होतं, त्यानं गाडी गुदमरत होती. चूक आमची. उद्यापासून गाडी घे."

डायवरभाऊनं माझ्याकडे पाहिलं. "वयनी, मी तुमाले ईचारलं होतं."

"हो," मी म्हणाले.

"मंग तूच सोडून काहून नाई टाकलं?" मामाजी म्हणाले.

"कसं सोडू, मालक? कुंकू लावलेलं, म्हनून डबाबी उघडला नाई. तुमच्या घरची पूजा. मी सोडलं असतं तं गाव काय म्हनलं असतं? यानं दीक्षा घेतली अन् आता आमची पूजा तोडून राहिला. अकोल्याच्या मिस्त्रीनंबी पाह्यलं होतं. तोबी म्हने, पूजा है, मत छेड."

"सांगाचं तं होतं."

"पक्कं मालूम असतं तं सांगतलं असतं. कधी वाटे त्यानंच होते, कधी वाटे एवढ्याशा फडक्यानं काय होते. मलेबी समजून नोतं राहिलं. अन् सांगतलं असतं तं तुमाले खरं वाटलं असतं?"

त्याची बायको चहा घेऊन आली. चार कप, चारही एकसारखे, निळ्या फुलांचे. मामाजींनी कप घेतला. क्षणभर त्यांचा हात थांबला, मी पाहिलं, तिनंही पाहिलं. मग त्यांनी चहा प्यायला, तळापर्यंत.

"येतो मी गाडीवर," डायवरभाऊ म्हणाला. "पन एक सांगा मालक. उद्या पुन्हा तेल कमी झालं, तं तुमी पयले कोनाकडं पाहान?"

मामाजींनी रिकामा कप खाली ठेवला. ते फटकळ होते, हट्टी होते, पण तोंडदेखलं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"तुयाकडंच पाहीन," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू."

"मंग नाई येत मी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "खरं बोलले, बरं झालं."

आम्ही उठलो. मला रडू येत होतं, आणि काहीतरी करायला हवं असं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मी माझा आणि मामाजींचा कप उचलला आणि विसळायला रांजणाकडे निघाले. त्याच्या बायकोनं माझ्या हातातून ते काढून घेतले.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "आमच्या इथं पाव्हन्याले कप धुवू देत नाई."